पुसलेली वेन आकृती

शालेय गणितात 'संच' हे प्रकरण आले, की फळ्यावर एकमेकांना छेदणारी दोन वर्तुळे येतात. भोवती विश्वसंचाचा आयत, छेदात एक संख्या. बेरीज-वजाबाकी केली की उदाहरण सुटले. गुण मिळतात. पण आकृती समजली का?

गुरुकुंज मोझरीच्या वर्गाला परिचयाचे असे एक उदाहरण घेऊ. 'अ' म्हणजे विदर्भातील ११ जिल्हे आणि 'ब' म्हणजे अमरावती विभागातील ५ जिल्हे. विद्यार्थी सवयीने छेदणारी वर्तुळे काढतो. 'ब' चा 'अ' बाहेरचा भाग रिकामा राहतो. कारण अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ हे पाचही विदर्भातलेच. मग आपण म्हणतो, "चुकले, पूस. ब हा उपसंच आहे, तो आत काढ." आमच्या मते येथे चूक विद्यार्थ्याची नाही, आपली आहे.

वर्तुळात वर्तुळ काढण्याची रीत ऑयलरच्या, १७६८ पासून प्रसिद्ध झालेल्या पत्रांमुळे रूढ झाली. तीत संचांमधील संबंध आधी माहीत असावा लागतो. जॉन वेनने १८८० साली वेगळा मार्ग सुचवला. प्रथम शक्य तेवढे सगळे भाग काढायचे, मग ज्यात एकही घटक नाही ते छायांकित करायचे. म्हणजे उत्तर ठाऊक नसतानाही आकृती काढता येते, आणि ती विचाराला मदत करते. विद्यार्थ्याची आकृती खरी वेन आकृतीच होती. रिकामा भाग छायांकित करणे तेवढे राहिले होते.

गोंधळाचे आणखी एक कारण आहे. शाळेत छायांकन म्हणजे 'विचारलेला संच हा'; वेनच्या रीतीत छायांकन म्हणजे 'येथे कोणी नाही'. दोन्ही संकेत चालतील, पण आपण कोणता वापरतो आहोत हे वर्गात सांगितले पाहिजे.

'सर्व भाग' या अटीचे महत्त्व चार संच घेतले की कळते. त्यांना बाहेरचा धरून १६ भाग लागतात. चार वर्तुळे कशीही काढली तरी १४ पेक्षा जास्त भाग होत नाहीत. म्हणून वेनने लंबवर्तुळे वापरली. हे विद्यार्थ्यांना सांगू नये, कंपास देऊन मोजू द्यावे.

आणि यापुढे छेदणारी वर्तुळे पुसायला लावण्यापूर्वी एवढेच विचारावे : "या भागात कोण आहे?" "कोणीच नाही" हे उत्तर आले, की उपसंचाची व्याख्या विद्यार्थ्याने स्वतःच शोधलेली असते.