ऐकणाऱ्यांची संगत

संगीतसमीक्षेत गायकाविषयी पुष्कळ लिहिले जाते. त्याचे घराणे, त्याचा आवाज, रागाची मांडणी, तानांची तयारी, लयीवरील हुकमत या साऱ्यांची चिकित्सा होते. तबल्याच्या व पेटीच्या वाट्यालाही दोन ओळी येतात. समोर बसलेल्या श्रोत्यांविषयी मात्र समीक्षक बहुधा एका वाक्यात मोकळा होतो: ‘मैफलीस रसिकांनी मोठी गर्दी केली होती.’ ही उपेक्षा आम्हांस अन्यायाची वाटते. हिंदुस्थानी मैफलीत खाली सतरंजीवर बसलेला समुदायही एक प्रकारची साथच करीत असतो. मराठीने ‘संगत’ हा शब्द तबल्याच्या साथीलाही दिला आणि माणसांच्या सोबतीलाही दिला, ही भाषेची मोठी समज म्हटली पाहिजे. आज ही दुसरी संगत विरळ होत चालली आहे. गाणे ऐकण्याची साधने वाढली, परंतु आप्तमित्रांसह एका जागी बसून गाणे ऐकणे कमी झाले. त्याने काय बिघडते, हे आपल्या महाराष्ट्रातील एका महोत्सवाच्या आधारे तपासावे, असा आमचा मानस आहे.

पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव बहुतेक वाचकांस निदान नावाने ठाऊक असेल. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजेच सवाई गंधर्व, हे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे शिष्य. मराठी रंगभूमीवरही त्यांनी नाव मिळविले होते. 1952 साली ते निवर्तले आणि 1953 पासून त्यांचे शिष्य पंडित भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ पुण्यात हा उत्सव सुरू केला. आर्य संगीत प्रसारक मंडळ त्याचे आयोजन करते. एका गुरूच्या पुण्यस्मरणासाठी शिष्यांनी केलेली सेवा, असे त्याचे मूळ रूप होते. पुढे तो एवढा वाढला की रमणबागेच्या पटांगणात हजारो श्रोते डिसेंबरच्या थंडीत रात्र रात्र बसू लागले. भीमसेनजी 2011 च्या जानेवारीत गेले आणि त्या वर्षापासून महोत्सवाच्या नावात गुरूशेजारी शिष्याचेही नाव आले. 2018 पासून तो मुकुंदनगरच्या क्रीडांगणावर भरू लागला.

रमणबागेतील त्या रात्रींचे वैशिष्ट्य केवळ गायनाच्या दर्जात नव्हते. तेथे माणसे एकेकटी येत नसत. सतरंजी, शाली, कानटोप्या, चहाचा थर्मास आणि पोळीभाजीचा डबा घेऊन घरेच्या घरे येत. आजोबा, सुना, नातवंडे, शेजारचे काका, कचेरीतले स्नेही असा गोतावळा एका सतरंजीवर मावे. मूल मध्यरात्री मांडीवर झोपी जाई आणि पहाटे एखाद्या तानेने जागे होई. ही केवळ हौस होती, असे कोणी म्हणेल. आमच्या मते ती एक पाठशाळा होती. तिच्यात कोणी कोणास काही शिकवीत नव्हते, तरीही शिकणे चालू होते.

हे कसे घडते, ते पाहू. ख्यालगायनातील विलंबित एकताल बारा मात्रांचा. गायकाने लय अतिविलंबित ठेवली म्हणजे एक आवर्तन पाऊण मिनिटाहूनही अधिक चालते. नवख्या श्रोत्याला त्या काळात काहीच घडत नाही असे वाटते. त्याला दिशा सापडत नाही. अशा वेळी शेजारी बसलेल्या आत्याचा हात मांडीवर मात्रा मोजत असतो. आवर्तन संपत येते, गायक मुखड्याकडे वळतो, आणि समेवर आत्याची मान हलकेच खाली येते. तिच्याबरोबर आणखी पाचशे माना खाली येतात. मुलाने ते दोनदा पाहिले की तिसऱ्यांदा त्याची मानही तिकडे झुकते. सम म्हणजे काय, याची व्याख्या पुस्तकात वाचता येते. ती अंगात येते ती मात्र दुसऱ्याच्या मानेकडे पाहून. तंबोरे जुळविण्याचेही तसेच. पंचम, दोन जोडाच्या तारा आणि खर्ज लावताना गायक सर्वांसमक्ष वेळ घेतो. घरी एकटा श्रोता एवढा धीर धरणार नाही. चारचौघांत तो धरतो, आणि मग केव्हातरी त्याच्या ध्यानात येते की दोन तंबोरे एकमेकांत मिसळले तो क्षणही ऐकण्याजोगा होता.

आता गायकाच्या बाजूने पाहू. ख्याल आधी लिहून काढलेला नसतो. बंदिश ठरलेली, राग ठरलेला. त्यापुढचा विस्तार त्या घटकेला घडतो. समोरून आलेली एक नेमकी दाद गायकाला सांगते की वाट बरोबर आहे, आणखी थोडे पुढे जा. अवेळी पडलेली टाळी त्याला सांगते की या लोकांना गती हवी आहे, खोली नको. गायक दोन्ही ऐकतो आणि त्याप्रमाणे गातो. म्हणून एकच गायक, तोच राग, तीच बंदिश दोन गावांत दोन रीतींनी उमलते. श्रोत्यांच्या गुणदोषांचा वाटा त्या गाण्यात मिसळलेला असतो. मग गाणे फसले तर दोष एकट्या गायकाचा कसा?

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो वजनदार आहे. ध्वनिमुद्रणाने संगीत घरोघरी नेले, हे उपकार विसरता येतील काय? 1902 साली कलकत्त्यास गौहर जान यांचे गाणे तबकडीवर उतरले, तेव्हापासून राजवाड्यांत व श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत अडकलेले गाणे सामान्यांच्या कानी पडू लागले. खुद्द भीमसेनजींची कथा तर प्रसिद्धच आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांची एक ध्वनिमुद्रिका दुकानात ऐकून ते भारावले आणि 1933 साली, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घर सोडून निघाले. ध्वनिमुद्रिका नसती तर भीमसेनही नसते, असे कोणी म्हटल्यास ते खोडून काढणे कठीण. पण ही कथा पुढे वाचावी. त्या मुलाला तबकडी पुरली नाही. तीच पुनःपुन्हा ऐकत तो घरी बसला नाही. जिवंत गळ्यापाशी जाऊन बसल्यावाचून त्याला चैन पडले नाही, आणि 1936 च्या सुमारास तो कुंदगोळास सवाई गंधर्वांच्या दारी पोहोचला. ध्वनिमुद्रण भूक जागवते. ती भागवायला माणसांत जावे लागते. आज भूक जागी होते आणि त्याच यंत्रावर लगेच थोडीशी शमतेही; म्हणून घराबाहेर पाऊल पडत नाही.

या प्रश्नाचे सर्वांत मार्मिक उत्तर त्या महोत्सवाच्याच एका प्रथेत आहे. समारोप होतो तो सवाई गंधर्वांच्या ध्वनिमुद्रित भैरवीने. दिवसचे दिवस प्रत्यक्ष गाणे ऐकलेला समुदाय शेवटी एका जुन्या मुद्रणापुढे निःशब्द बसतो. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे; आवाजही आजच्या मानाने अंधूक. तेच गाणे आज कोणालाही घरी ऐकता येते. मग ऐकणाऱ्यांचे डोळे तेथेच का पाणावतात? कारण तेथे ते एकट्याचे राहत नाही. ज्याच्या स्मरणार्थ सारे जमले, त्याचा आवाज साऱ्यांनी एकाच वेळी ऐकणे, हा वेगळाच अनुभव आहे. 2020 आणि 2021 ही दोन वर्षे महासाथीमुळे महोत्सव भरला नाही. त्या काळात घरात गाण्याचा तुटवडा नव्हता. पडद्यावर हवे ते ऐकता येत होते. तरीही 2022 च्या डिसेंबरात मंडप पुन्हा उभा राहिला तेव्हा श्रोते परतले. यंत्राने सर्व काही दिले असते, तर ते परतले नसते.

परंतु जे हरवले ते सारे यंत्रामुळे हरवले, असे म्हणणे खरे नव्हे. ध्वनिप्रदूषणाविषयीचे नियम 2000 साली आले आणि 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे उचलून धरले. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. वर्षातील मोजके दिवस काय ती मध्यरात्रीपर्यंत सवलत. रात्रभर चालणारा महोत्सव दुपारी सुरू होऊन रात्री संपू लागला. रागसंगीताच्या दृष्टीने ही हानी मोठी आहे. आपल्या रागांना समय आहे. मारवा सांजवेळेचा, दरबारी रात्रीचा, ललित पहाटेचा. मध्यरात्र आणि उषःकाल कार्यक्रमपत्रिकेतून गेले, तसे त्या वेळांचे राग मोठ्या व्यासपीठावर दुर्मीळ झाले. रात्रभर जागून पहाटेचा भैरव ऐकणे आणि न्याहारीनंतर तोच भैरव ऐकणे यांत जे अंतर आहे, ते ज्यांनी दोन्ही अनुभवले आहे त्यांस समजावून सांगावयास नको.

तथापि आम्ही त्या निर्णयास दोष देणार नाही. आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढण्याचे प्रसंग आमच्या सेवेत वारंवार येतात. दुरून येणारा ध्वनिवर्धकाचा आवाज, मग तो कितीही सुरेल असो, त्या आजाऱ्यास यातनाच देतो. नियम लग्नाच्या वरातीला एक आणि दरबारीला दुसरा, असा करता येत नाही. आमचा रोख वेगळा आहे. ध्वनिवर्धकास बंदी आहे, गाण्यास नाही. वीस-पंचवीस माणसांच्या दिवाणखान्यात, दारेखिडक्या लावून, शेजाऱ्यांची झोप न मोडता तंबोरा रात्रीही लावता येतो. मैफल मुळात अशीच होती. आपण तिला पटांगणात नेले, मग पटांगण मिटले आणि आपण दिवाणखान्याकडे परत फिरलो नाही. हा दोष न्यायालयाचा नव्हे.

मोठ्या महोत्सवांच्या आजच्या रूपाविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. एका सत्रात अनेक कलाकार बसविले की प्रत्येकाच्या वाट्याला थोडा वेळ येतो. गायकाला आलाप आवरता घ्यावा लागतो आणि तानांची आतषबाजी लवकर सुरू करावी लागते. श्रोतेही तिलाच टाळ्या देतात. नवोदित गायक बसला की खाण्याच्या दालनांकडे रांगा लागतात. नामवंत बसला की हातातले फोन उंचावतात. छायाचित्र घेणारा मनुष्य त्या क्षणी ऐकत नसतो, आणि मागच्यालाही पाहू देत नाही. आप्तमित्रांसह येणे याचा अर्थ गप्पांसाठी जागा मिळविणे, असाही काहींनी करून घेतला आहे. सोबत ही दुधारी आहे. चांगली संगत ऐकणे शिकविते, तशीच वाईट संगत न ऐकणेही शिकविते. मुलाने आपल्या वडिलांना गाणे चालू असताना फोनमध्ये डोके घातलेले पाहिले, तर त्याने समेवर मान कोणाकडे पाहून हलवावी?

आता आपल्या घरांपुरता एक प्रश्न. ‘हे गाणे आपले आहे काय?’ अशी शंका आपल्या धर्मग्रामांतील काही कुटुंबांत आजही डोकावते. चर्चच्या गायनवृंदात चारी आवाजांत गाणारी, व्हायोलिन व ऑर्गनची सवय असलेली आपली मुले रागदारीच्या मैफलीस परक्यासारखी राहतात. त्यांस एवढेच दाखवावे की, या महोत्सवाच्या मुळाशी असलेले अब्दुल करीम खाँ मुसलमान होते; त्यांचे शिष्य सवाई गंधर्व हिंदू; सवाई गंधर्वांच्या शिष्यपरिवारात भीमसेनजी व गंगूबाई हनगळ यांच्याबरोबरीने फिरोज दस्तूर हे पारशी गृहस्थ होते आणि त्या व्यासपीठावर वर्षानुवर्षे आदराने ऐकले गेले. स्वर लावताना तेथे कोणी कोणाचा धर्म विचारला नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 सालीच उपासनाविषयक दस्तऐवजात प्रत्येक जनसमूहाच्या स्वतःच्या संगीतपरंपरेस योग्य मान देण्यास सांगितले आहे. गोव्याने केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, जितेंद्र अभिषेकी अशी रत्ने या संगीतास दिली. केसरबाईंच्या नावाचा समारोह पणजीस भरतो. मग कोकणच्या व गोव्याच्या किनाऱ्यावरील ख्रिस्ती कुटुंबाने या मैफलीस पाहुण्यासारखे का जावे? तिची संगत करणाऱ्यांत आपली सतरंजीही हक्काने पडावी.

आमचा निष्कर्ष थोडक्यात असा. श्रोता जन्मास येत नाही, तो दुसऱ्या श्रोत्याशेजारी बसून तयार होतो. ही परंपरा गुरुशिष्यपरंपरेइतकीच नाजूक आहे, आणि तिची नोंद कोणी ठेवीत नाही. उत्तम गायक पुढेही निर्माण होतील, त्यांची मुद्रणेही होतील. पण आलापाच्या शांततेत बसू शकणारी, नेमक्या जागी दाद देणारी आणि अवेळी टाळी आवरणारी पिढी घराघरांतूनच तयार व्हावी लागेल. त्यासाठी पुण्यासच जावे असे नाही. तालुक्याच्या गावातील सकाळची मैफल, एखाद्या संगीतशिक्षकाकडील गुरुपौर्णिमा, धर्मग्रामाच्या सभागृहातील दोन तासांचे गायन, यांतले काहीही चालेल. मात्र एकट्याने जाऊ नये. घरातले एक मूल आणि एक वृद्ध बरोबर न्यावे, मुलाला वृद्धाशेजारी बसवावे, आणि पहिला तास त्यास काहीही समजावून सांगू नये. त्याने फक्त पाहावे, कोणाची मान केव्हा हलते ते.