नियमाच्या नाकावर टिच्चून

शर्यतीच्या गाडीचे चित्र काढायला सांगितले की मुले तिचे नाक भाल्याच्या टोकासारखे काढतात. वाशिम जिल्ह्यातल्या रिठदची मुले असोत की पुण्यामुंबईची, चित्रात फारसा फरक पडत नाही. कारण विचारले तर उत्तरही ठरलेले असते : "टोक असले म्हणजे हवा कापली जाते." हे उत्तर अपुरे आहे. गाडीच्या नाकाला दोन परीक्षक असतात, एक हवा आणि दुसरी टक्कर. या दोघांचे एकमत होत नाही तेव्हा नियम करणारे मध्ये पडतात, आणि मग नियम कसा लिहिला आहे यावर नाकाचे रूप ठरते. फॉर्म्युला वन शर्यतींतील २०१२ ते २०१५ या काळातील नाके या दृष्टीने तपासण्याजोगी आहेत, असे आम्हांला वाटते. त्यांत आपल्या देशाचे नाव लावणारा एक संघही होता.

आधी हवेचे पाहू. गाडी पुढे सरकताना हवेत निर्माण होणारा दाबाचा बदल ध्वनीच्या वेगाने, म्हणजे ताशी सुमारे १२०० किलोमीटर वेगाने पुढे जातो. शर्यतीची गाडी फार तर ताशी ३५० किलोमीटरच्या आसपास धावते. म्हणजे गाडी येत असल्याची वर्दी हवेला आधीच मिळते आणि ती बाजूला सरू लागते. तिला कापायला सुरीची गरज नाही. गोलसर नाकही चालते. पावसाचा पडता थेंब किंवा मासा आठवावा. खरा प्रश्न असतो तो बाजूला सरलेली हवा पुढे कोठे जाते हा. गाडीच्या तळाखालून हवा वेगाने गेली की तेथील दाब कमी होतो आणि वरची हवा गाडीला रस्त्यावर दाबून धरते. मग वळणावर चाके घसरत नाहीत. १९९० साली हार्वे पोस्टलथ्वेट आणि ज्यां-क्लोद मिजो यांनी टिरेल ०१९ या गाडीचे नाक उंच उचलले, ते यासाठीच. नाकाखालून अधिक हवा तळाकडे गेली. पुढील काही वर्षांत उंच नाकाची रूढीच पडली.

दुसऱ्या परीक्षकाला मात्र हे रूप पसंत नव्हते. उंच नाकाची गाडी दुसऱ्या गाडीवर बाजूने आदळली तर नाक थेट चालकाच्या डोक्याच्या पातळीवर येते. मागून धडकली तर पुढच्या गाडीच्या चाकावर चढून हवेत उडू शकते. २०१० साली व्हॅलेन्सिया येथे मार्क वेबर यांची गाडी पुढच्या गाडीवर मागून आदळून हवेत उलटली होती. सुदैवाने ते बचावले.

म्हणून २०१२ मध्ये नियम आला : गाडीच्या संदर्भपातळीपासून नाकाची उंची ५५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. त्यामागच्या सांगाड्याला मात्र ६२५ मिलिमीटरपर्यंत मुभा होती. हवेसाठी सांगाडा उंच हवा आणि नियमासाठी नाक खाली हवे, म्हणून बहुतेक संघांनी दोहोंच्या मध्ये सरळ एक पायरी ठेवली. २०१३ मध्ये ती झाकण्यासाठी पातळ पत्र्यासारखे आवरण लावण्याची परवानगी मिळाली. रोगापेक्षा रूपाचीच काळजी अधिक!

२०१४ चा नियम याहून बोलका आहे. नाकाच्या टोकापासून ५० मिलिमीटर मागे आडवा छेद घ्यायचा. त्याचे क्षेत्रफळ निदान ९० चौरस सेंटिमीटर हवे आणि त्याचा मध्य १८५ मिलिमीटरपेक्षा उंच नको. हेतू असा की सारे नाकच खाली यावे. अभियंत्यांनी काय केले? मापन एकाच छेदाचे होणार हे ओळखून त्यांनी तेवढे एक बोट खाली काढले आणि त्यामागचे नाक पुन्हा उंच नेले. लोटस संघाने तर दोन सुळे काढले, त्यांतला एक मुद्दाम लांब, म्हणजे 'टोक' म्हणून तोच मोजला जावा. अक्षर पाळले, हेतू सुटला. अपेक्षित प्रश्नसंच पाठ करून उत्तीर्ण होणारा विद्यार्थी शिक्षकांना वेगळा सांगायला नको. शिवाय फार खाली आलेले नाक पुढच्या गाडीखाली घुसेल, अशी शंका ॲड्रियन न्यूई यांच्यासारख्या मुरलेल्या रचनाकाराने त्याच वर्षी बोलून दाखवली होती.

फोर्स इंडिया हा संघ नावाने भारतीय असला तरी त्याची कर्मशाळा इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनला होती. त्याच्या गाड्यांनी हे सारे टप्पे पाहिले : २०१२ मध्ये पायरी, २०१४ मध्ये बोट. २०१५ साली नियम सुधारला, नाकाचा उतार हळूहळू असावा असे बंधन आले. तेव्हा जुलैपासून या संघाने नाकालाच दोन नाकपुड्या पाडल्या! बाह्यरूप नियमाप्रमाणे, पण हवा नाकाच्या आतून वाट काढून तळाकडे जाणार. ही पळवाट असली तरी आम्ही तिला चांगले गुण देऊ, कारण येथे नाक खाली राहिले आणि हवेलाही वाट मिळाली. त्या वर्षी संघ पाचवा आला, तर २०१६ आणि २०१७ मध्ये चौथा. अर्थात हे यश एकट्या नाकाचे नव्हे. २०१८ मध्ये आर्थिक अडचणीमुळे तो संघ त्या नावाने संपला.

याच नाकाला दुसरा एक नियमही लागू होता. एकूण ७८० किलोग्रॅम वस्तुमानाच्या गाड्यावर नाक बसवून ते सेकंदाला १५ मीटर वेगाने भिंतीवर आदळायचे. गतिज ऊर्जा काढून पाहा : अर्धे गुणिले ७८० गुणिले २२५, म्हणजे ८७,७५० ज्यूल. ही ऊर्जा नाकाने चुरडत जाऊन शोषायची आणि सरासरी मंदन गुरुत्वत्वरणाच्या ४० पटींवर जाऊ द्यायचे नाही. नाक कसे दिसते, हे हा नियम विचारत नाही. परिणाम काय झाला, तेवढे विचारतो. त्याला बोट दाखवून फसवता येत नाही. उंचीचे नियम अजिबात नकोत, असे आम्ही म्हणत नाही. गाडी चाकावर चढेल का, हे भिंतीवरच्या चाचणीतून कळत नाही. पण आकाराचा नियम करायचाच, तर एका छेदावर विसंबू नये, हा या प्रकरणाचा धडा आहे.

महाराष्ट्रातील विद्यार्थीही अशी नाके बनवतात. आयआयटी मुंबईचा संघ विजेवर चालणारी गाडी घेऊन इंग्लंडमधील फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेत उतरत आला आहे. तेथील चाचणीत गाडी ३०० किलोग्रॅमची आणि वेग सेकंदाला ७ मीटर धरतात. ऊर्जा ७,३५० ज्यूल, सरासरी मंदनाची मर्यादा २० पट. गणित केले तर थांबायला निदान साडेबारा सेंटिमीटर अंतर लागते. म्हणून धक्का शोषणारा ठोकळा निदान २० सेंटिमीटर लांब असावा, ही अट उगाच नाही. हा नियम आम्हांला आवडतो. मात्र तयार प्रमाणित ठोकळा विकत घेऊन बसवला तरी तो पुरा होतो. मग नियम पाळला जातो, पण विद्यार्थी शिकायचा राहतो.

आपल्या रस्त्यांवर हे प्रकरण अधिक गंभीर आहे. "जुन्या गाड्या मजबूत, नव्यांचे नाक लगेच चेपते," ही तक्रार नेहमी ऐकू येते. नाक चेपते म्हणूनच आतला माणूस वाचतो. जीपपुढे जाड लोखंडी गार्ड बसवला की धक्का चेपणाऱ्या भागाला टाळून थेट सांगाड्यात जातो, आणि समोर पादचारी असेल तर त्याचे हाल विचारू नयेत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये अशा गार्डांविरुद्ध कारवाई करण्यास राज्यांना कळवले होते. वाशिम जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर मोटारींची वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. चाचणीतला वेग ताशी ५४. वेग सव्वादोन पटीच्या आत, पण ऊर्जा जवळजवळ पाचपट!

वर्गात याचा एक खेळ करता येईल. खेळण्यातल्या गाडीला पुठ्ठ्याचे नाक लावावे, ती उतरत्या फळीवरून विटेवर सोडावी. एका गटाने सुरक्षित नाकाचा नियम एका वाक्यात लिहावा. दुसऱ्या गटाने तो अक्षरशः पाळूनही असुरक्षित राहील असे नाक बनवून दाखवावे. मग पहिल्या गटाने नियम पुन्हा लिहावा.