उसनी यादी

चित्रपट झळकला की त्याच आठवड्यात त्याचे परीक्षण लिहावे, असा संकेत आहे. २०१८ साली आलेल्या ‘बकेट लिस्ट’बद्दल मी आज लिहितो आहे, याचे कारण एवढेच की, या चित्रपटाविषयीचे माझे मत आमच्या घाटनांदूरच्या घरात, माझ्या देखत, निम्मे खोटे ठरले.

‘बकेट लिस्ट’ म्हणजे डोळे मिटण्यापूर्वी पुरवून घ्यायच्या हौशींची यादी. २००७ सालच्या त्याच नावाच्या एका इंग्रजी चित्रपटाने हा शब्द सर्वतोमुखी केला. यादी करणे आपल्याला नवीन नाही. चारधाम झाले, बारा ज्योतिर्लिंगांपैकी इतकी उरली, असा हिशेब घरोघर चालतो. आमच्या शेजारचे परळीही त्या बारांत मानले जाते. पण त्या यादीत पुण्य असते. निव्वळ मौजेची यादी प्रपंची माणसाने, त्यातून गृहिणीने, करायची नसते.

तेजस देऊस्करांच्या या चित्रपटाची नायिका अशीच एक गृहिणी आहे. माधुरी दीक्षित यांचा हा पहिला मराठी चित्रपट. त्यांची मधुरा साने घरातल्या सगळ्यांच्या आवडीनिवडी सांभाळते. तिच्यावर हृदयरोपणाची शस्त्रक्रिया होते. ते हृदय सई नावाच्या तरुण मुलीचे होते, हे तिला कळते, आणि सईची अपुरी राहिलेली यादी तिच्या हाती पडते. ती पुरी करायची, असे मधुरा ठरवते. मोटारसायकल चालवण्यासारख्या हौशी त्यात आहेत. साहजिकच घर बिथरते.

माझा आक्षेप इथेच होता. यादी सईची, मग मधुराची कुठे गेली? जन्मभर घराची कर्तव्ये केली, आता एका गेलेल्या मुलीचे ऋण फेडायचे. म्हणजे मौजदेखील पुन्हा कर्तव्य म्हणूनच! स्वतःसाठी काही मागायला या बाईला दुसरीचे हृदय लागावे, हा मला कथेचा दुबळेपणा वाटला.

हे सारे मी आमच्या सौ.ना मोठ्या तोऱ्यात ऐकवले आणि वर विचारले, “तुमची आहे का अशी यादी?”

त्या म्हणाल्या, “सासूबाईंची एक इच्छा राहिली. अंबाजोगाईची दासोपंतांची पासोडी त्यांना डोळ्यांनी पाहायची होती. ती आपण पाहून यावी.”

दासोपंतांचा काळ १५५१ ते १६१५. चाळीस फूट लांब नि चार फूट रुंद कापडावर त्यांनी ‘पंचीकरण’ लिहिले. अंबाजोगाई आम्हांला इतकी जवळ, आणि आईची ती इच्छा मला ठाऊकही नव्हती. मी गप्प राहिलो. मग थोड्या वेळाने, भाजी निवडता निवडता, खाली मान घालून सौ. म्हणाल्या, “आणि मला स्कूटर शिकायची आहे.”

तेव्हा माझ्या ध्यानात आले. उसनी यादी हा कथेचा दुबळेपणा नव्हे, ते तिचे मर्म आहे. जिने कधी काही मागितले नाही, तिला पहिली इच्छा दुसऱ्याच्या नावावरच मागता येते. स्वतःची मागून येते, खालच्या आवाजात. माधुरीबाईंनी मधुराचा सुरुवातीचा संकोच म्हणूनच इतका खरा केला आहे. दिग्दर्शकाने पाहिलेली ही गोष्ट मला माझ्या घरात दिसली नव्हती.

एक तक्रार मात्र कायम आहे. चित्रपट हौशी भराभर उरकतो. हौस खरी वाढते ती शिकण्याच्या दिवसांत. सौ.चा गुडघा दोनदा फुटला, ब्रेकऐवजी गती वाढली, कुंपणाची काटेरी बाभूळ आडवी आली, आणि संध्याकाळी त्या हसत हसत घरी आल्या. पडद्याला एवढी सवड नसते, हे मान्य; पण यादीतल्या ओळीवर रेघ मारण्याच्या आनंदाहून हा आनंद मोठा आहे, आणि चित्रपट नेमका तिथेच घाई करतो.

पासोडीचे दर्शन अजून व्हायचे आहे. स्कूटर मात्र घाटनांदूरच्या रेल्वे स्टेशनापर्यंत पोहोचली. मागे मी बसलो होतो. अंबाजोगाईलाही असेच जायचे, असे त्यांनी मला बजावले आहे.