वास्तुजतन आणि सुगमता : बोरीबंदरच्या निमित्तानें

जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीचा प्रश्न निघाला म्हणजे ‘मुळास हात लावूं नये’ हें सूत्र पुढें केलें जातें. संग्राहकांस तें साहजिकच प्रिय आहे. परंतु तेवढ्यानें भागत नाहीं, हें मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसवरून, म्हणजे लोकांच्या तोंडच्या बोरीबंदर स्थानकावरून, दाखवितां येतें.

फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्याप्रमाणें या इमारतीचें काम १८७८ सालीं सुरू झालें. अष्टकोनी घुमट, त्याखालचा दगडी जिना आणि मुंबईच्या कलाशाळेंतील विद्यार्थ्यांचें नक्षीकाम यांमुळें ती अस्सल साधनाच्या योग्यतेस पोंचली. २००४ सालीं युनेस्कोनें तिला जागतिक वारशांत स्थान दिलें. मात्र हें साधन रुमालांत बांधून ठेवण्याचें नव्हे. १९२५ सालीं येथूनच कुर्ल्याकडे विजेची पहिली गाडी निघाली. म्हणजे मूळ संहितेवर उत्तरकालीन हात पूर्वींच पडलेला आहे. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यानें रेल्वे स्थानकें सुगम करण्याचें कर्तव्य सरकारवर घातलें आहे. तेव्हां बदल करावा कीं नाहीं हा वाद संपला. कसा करावा, एवढाच उरला.

येथें टर्मिनसच्या रचनेचा फायदा आहे. रूळ जेथें संपतात त्या बाजूनें पूल न चढतां फलाटांवर जातां येतें. बिकट स्थळें उरतात तीं जोतें, जिने व फलाटाची कड. चाकांच्या खुर्चीच्या उतरणीस १ फूट उंचीमागें १२ फूट लांबी लागते. ३ फूट जोत्यास ३६ फूट, शिवाय विसाव्याची सपाट जागा. अशी उतरण कोपऱ्यांत दडवितां येत नाहीं. ती दर्शनी पायऱ्या फोडून न करितां शेजारीं, स्वतंत्र पायावर आणि पुढें काढतां येईल अशी असावी. लिफ्ट घुमटाखालच्या जिन्याच्या पोकळींत न घालतां गौण भागांत बसवावी. फलाट उंच केल्यास जुन्या खांबांच्या बैठका भरावांत बुडतात. तेथें भोंवतीं मोकळी जागा राखून वर जाळी घालावी.

जीर्ण पोथीस मागून कागद लावणारा जाणता कारागीर गळालेलीं अक्षरें स्वतः लिहीत नाहीं, आणि आपला कागद जुना असल्याचें सोंगही आणीत नाहीं. नवा भाग जुन्याशीं सुसंगत परंतु ओळखूं येण्याजोगा असावा, हें १९६४ च्या व्हेनिस सनदेचें तत्त्व याच जातीचें आहे.

एका बाबतींत मात्र जतनवाद्यांचा आग्रह आम्हांस मान्य नाहीं. अंध व मंददृष्टि उतारूंसाठीं बसविलेल्या उंचवट्याच्या पिवळ्या फरशा विशोभित दिसतात, त्या दगडाच्या रंगाच्या कराव्या, असें म्हटलें जातें. परंतु मंददृष्टि मनुष्यास वाट दिसते ती रंगाच्या विरोधामुळेंच. तो विरोध पुसला कीं फरशीचें निम्में प्रयोजन गेलें. जी पोथी कोणास उघडूंच द्यावयाची नाहीं, तिच्या रक्षणाचा अभिमान आम्हांपैकीं अनेकांनीं बाळगला आहे. वास्तूच्या बाबतींत तरी तो दोष टाळावा.

शेवटीं एक सूचना. काम हातीं घेण्यापूर्वीं प्रत्येक स्थळाचीं मोजमापें व छायाचित्रें घेऊन दप्तरीं ठेवावीं, आणि तें दप्तर अभ्यासकांस खुलें असावें.