न वाहणारे पाणी

नाटकाचे परीक्षण लिहावे, ग्रंथाचे लिहावे, फार तर एखाद्या चांगल्या कीर्तनाचेही लिहावे. परंतु मुलांच्या खेळाचे परीक्षण या पृष्ठांवर कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्यास आमचे उत्तर इतकेच की, ज्या कृतीत आपल्या घरची मुले रोजचे दोन-दोन तास रमतात, तिच्याकडे वडीलधाऱ्यांनी केवळ कपाळाला आठ्या घालून पाहणे पुरेसे नाही. ती कृती आहे तरी काय, हे समजून घेऊन मग बरे-वाईट म्हणावे.

गेल्या दिवाळीत आम्ही बऱ्हाणपुरास एका स्नेह्यांच्या घरी उतरलो होतो. घर मूळचे गोव्याकडील. तीन पिढ्या तापीकाठी गेल्या, तरी आजींच्या तोंडी अजून कोकणीच आहे. त्यांचा नातू आठवीत शिकतो. त्याने 'माइनक्राफ्ट' या खेळात बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा बांधावयास घेतला होता आणि तो आम्हांस दाखविण्याची त्याला मोठी उत्कंठा होती.

हा खेळ २००९ मध्ये मार्कुस पेर्सन या स्वीडिश गृहस्थाने प्रथम लोकांपुढे ठेवला. पूर्ण स्वरूपात तो २०११ मध्ये आला. त्यातले सारे जग चौकोनी ठोकळ्यांचे आहे. डोंगर ठोकळ्यांचे, झाडे ठोकळ्यांची, पाणीही ठोकळ्यांचेच. खेळणाऱ्याने खोदावे, रचावे, भटकावे; जिंकण्याची सक्ती नाही. एक ठोकळा म्हणजे एक मीटर, असे मानण्याचा प्रघात आहे. येथवर हा वाळूत किल्ले करण्याचाच प्रकार झाला. परंतु या जगात दुसरीही एक सोय आहे. खेळगड्यांनी एकमेकांशी बोलण्यासाठी जी लहानशी चौकट असते, तिच्यात तिरकी रेघ देऊन आज्ञा लिहिली की, ती तत्काळ अमलात येते. एका आज्ञेने खेळणारा क्षणात दूरच्या स्थळी पोहोचतो. दुसरीने रात्रीचा दिवस होतो. 'फिल' नावाच्या आज्ञेने एका दमात ३२,७६८ ठोकळे भरता येतात. शाळांसाठीच्या आवृत्तीत तर 'एजंट' नावाचा एक छोटा यंत्रसेवक आहे. त्याला शिकवून ठेवावे आणि त्या चौकटीत ठरलेला एक शब्द लिहावा, की तो चालू लागतो, वळतो, खोदतो, ठोकळे मांडतो.

आता कुंडी भंडाऱ्याविषयी. १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खान-इ-खानान यांच्या अमदानीत, तबकुतुल अर्ज या इराणी भूजलतज्ज्ञाने ही योजना आखली, असे सांगतात. सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्याने गावाकडे आणावयाचे, आणि त्या बोगद्यावर ठरावीक अंतराने विहिरीसारख्या कुंड्या ठेवून वारा व उजेड आत सोडावयाचा, अशी तिची रचना आहे. मोट नाही, रहाट नाही. केवळ उताराच्या बळावर पाणी चालत येते. तो उतार इतका अल्प की डोळ्यास दिसू नये, आणि इतका नेमका की पाणी कोठे थांबू नये. या वास्तूचे सारे मर्म त्या उतारात आहे. वरच्या कुंड्या हे केवळ तिचे दृश्य रूप होय.

मुलाने प्रथम यंत्रसेवकाकरवी बोगदा खोदविला होता: समोरचा ठोकळा फोड, एक पाऊल पुढे जा, पुन्हा फोड. बोगदा सरळ झाला. मुलाने तोंडाशी पाणी सोडले, ते सात ठोकळे गेले आणि थांबले. या खेळातील पाणी सपाटीवर सातच ठोकळे सरकते, असा तेथला नियम आहे. मग त्याने आज्ञा पालटली. सात पावले पुढे, एक पाऊल खाली; पुन्हा सात पुढे, एक खाली. आता पाणी वाहू लागले. पण पाट फार झपाट्याने खोल जाऊ लागला. आम्ही कागदावर हिशोब केला: तीन किलोमीटरांचा पाट धरला, तर दर सात मीटरांस एक या प्रमाणात तो चारशे अठ्ठावीस मीटर खाली उतरेल, आणि या जगाची उंचीच तळापासून माथ्यापर्यंत ३८४ ठोकळ्यांची! म्हणजे कुंडी भंडारा खऱ्या लांबीने या जगात वाहता ठेवणे अशक्यच.

मुलाला ही अडचण आधीच कळलेली होती. म्हणून त्याने मागचे सारे मोडून सपाट बोगदा केला आणि 'फिल'ची आज्ञा देऊन तो एका झटक्यात पाण्याने काठोकाठ भरला. वर कुंड्यांची रांग मांडली. दिसावयास ती कृती खरोखर सुंदर होती. आम्ही शाबासकी देणार, तोच मागे बसलेल्या आजी चष्मा सावरीत म्हणाल्या, “अरे पुता, हें उदक व्हांवना मरे!”

आजींनी एका वाक्यात जे परीक्षण केले, त्याचाच विस्तार आम्ही येथे करीत आहो.

आज्ञेने काम करविणे हेच मुळी वाईट, असे म्हणणारा एक पक्ष आहे. तो आम्हांस मान्य नाही. शिवालयात पिंडीवर टांगलेले अभिषेकपात्र बुडाच्या छिद्रातून आपोआप ठिबकत असते; म्हणून तो अभिषेक खोटा, असे कोणी म्हणत नाही. कुंडी भंडारा हीदेखील स्वयंचलित योजनाच होय. याच बऱ्हाणपुरात यंत्रमागांचा खडखडाट दिवसभर कानी पडतो. फ्रान्समध्ये जाकार याने १८०४ च्या सुमारास छिद्रांच्या पत्त्यांवर चालणारा माग सिद्ध केला, तेव्हापासून विणकामाची आज्ञा आगाऊ लिहून ठेवता येऊ लागली. पण तो पत्ता पाडणाऱ्यास प्रत्येक धागा ठाऊक असावा लागतो. श्रम वाचतात, ज्ञान वाचत नाही.

येथेच मुलाच्या दोन आज्ञांतील भेद आहे. 'सात पुढे, एक खाली' या आज्ञेत पाण्याचा स्वभाव साठविलेला होता. ती लिहिण्यापूर्वी त्याला पाणी थांबलेले पाहावे लागले, ते का थांबले याचा विचार करावा लागला. दुसऱ्या आज्ञेत तसे काहीच नाही. पूजेच्या आरंभी आपण संकल्पात देशकालाचा उच्चार करतो, तसा या 'फिल'मध्येही स्थळाचा काटेकोर उच्चार असतो: अमुक बिंदूपासून तमुक बिंदूपर्यंत. परंतु आपल्याकडे संकल्पानंतर पूजा करावयाची असते. येथे संकल्प उच्चारताच पूजा संपली.

हाच विचार चालण्याविषयीही लागू आहे. 'बॅरिटोन' नावाचे एक जोडसाधन असे आहे की, त्याला ठिकाण सांगितले की ते स्वतः वाट शोधते, आडवे आले ते खोदते आणि खेळणाऱ्याला तेथे नेऊन पोहोचविते. अशी वाट शोधण्याची गणिती रीत १९६८ मध्ये अमेरिकेत हार्ट, निल्सन व राफाएल या तिघांनी मांडली. ती बुद्धीची मोठी करामत आहे, यात शंका नाही. पण ती वापरणाऱ्यास वाटेतला डोंगर भेटत नाही. अनेक सामायिक जगांत अशा साधनांस मनाई असते, ती आम्हांस योग्य वाटते: जेथे सर्वांनी चालावयाचे ठरले आहे, तेथे एकानेच पालखीत बसावे हे बरे दिसत नाही.

खुद्द खेळाविषयी आमचे मत मिश्र आहे. त्याचे पाणी फार ढोबळ आहे. मंद उतार ही कल्पनाच त्यात बसत नाही, आणि पूर्वजांची जलविद्या त्यातून जशीच्या तशी शिकता येईल असे कोणी मानू नये. उलटपक्षी, ज्या खेळात पाणी अडते आणि ते का अडले हे मुलाने शोधून काढावे लागते, तो खेळ टाकाऊ नव्हे. दोष शिरतो तो अडचण बुजविणारी आज्ञा हाताशी आयती असते म्हणून, आणि पाहणारे आम्ही वडील दिसण्यावरच शाबासकी देतो म्हणून. त्या संध्याकाळी आमच्याकडूनही तेच घडत होते, हे कबूल केले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी आम्ही मुलासह कुंडी भंडाऱ्यात उतरलो. खाली भिंतींवर चुन्याचे थर साचलेले, वर कुंडीच्या तोंडातून आलेला उजेडाचा गोल कवडसा, आणि पायाशी सावकाश जाणारे पाणी. मुलाने पाण्यात एक वाळलेले पान सोडले आणि ते दिसेनासे होईपर्यंत तो बघत राहिला. घरी आल्यावर त्याने भरलेला बोगदा पुसून टाकला आणि सत्तर ठोकळ्यांचाच नवा पाट खोदविला. त्यात दहा पायऱ्या. लांबीने तो मूळच्या पासंगालाही पुरणार नाही. आजींना बोलावून त्याने तो दाखविला. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, “आतां व्हांवता.”