कोपरे खरे, त्रिकोण खोटा

दिवाळीत कामथडीला घरी गेले, तेव्हा अंगणात मधल्या ठिपक्यांवर पेनरोजचा त्रिकोण काढला. या ठिपक्यांवर तीन दिशांच्या रेघा आपोआप मिळतात, त्यामुळे तो पटकन जमतो. शेजारच्या काकूंनी वाकून विचारलं, "अगं, हा दांडा पुढं येतोय का मागं जातोय?" मग मी तिन्ही दांड्यांत तीन वेगळे रंग भरले. काकू "छान दिसतंय" म्हणून निघून गेल्या. तिथंच माझी रांगोळी फसली!

का, ते बघू. या चित्रात प्रत्येक कोपऱ्यावर दोन दांडे काटकोनात जुळलेले दिसतात. म्हणजे २७० अंश झाले, आणि त्रिकोणात मावतात १८०. एक कोपरा हाताने झाका, उरलेलं कुठलाही सुतार बनवून देईल. तिन्ही कोपरे एकत्र आले की वस्तू अशक्य. म्हणून रंग दांड्याप्रमाणे नाही, पृष्ठभागाच्या दिशेप्रमाणे भरायचा. तो चुकला की उरते नुसती नक्षी.

ऑस्कर रॉयटरस्वार्ड या स्वीडिश चित्रकाराने १९३४ मध्ये घन मांडून असा त्रिकोण काढला. लायोनेल आणि रॉजर पेनरोज या बापलेकांनी १९५८ मध्ये तो शोधनिबंधात मांडला. त्यावर एशरने १९६१ मध्ये 'धबधबा' केलं. पाटाचं पाणी पुढं वाहत जातं आणि पोचतं थेट धबधब्याच्या माथ्यावर. खाली एक बाई निवांत कपडे वाळत घालतेय. मला हे चित्र मोठं वाटतं ते यासाठी, की त्यात काहीच लपवलेलं नाही. तरीही चूक बोट ठेवून दाखवता येत नाही.

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या खांबावर चार हरणं आणि एकच डोकं आहे. त्यालाही कुणी 'अशक्य' म्हणेल, पण ते बरोबर नाही. ते डोकं चारही धडांना बसतं आणि दगडात कोरलेलं समोर आहे. ते अनेकार्थी आहे, अशक्य नव्हे. संज्ञा वापरताना हा फरक सांभाळा.

आता हे तुम्हाला का सांगतेय? माझ्या पहिल्या आराखड्यात तिन्ही प्रकरणं सुटी वाचली तर बरोबर होती. पण चित्रातली 'खोली' या शब्दाचा अर्थ प्रत्येकात निराळा होता. सगळं पुन्हा लिहावं लागलं. तेव्हा कोपरे तपासून थांबू नका. पहिल्या प्रकरणातली व्याख्या हातात घेऊन शेवटच्या प्रकरणापर्यंत चालत जा, आणि ती तशीच परत येते का ते बघा.