आनंदीबाईंची पत्रे आणि परदेशातील एकटेपण

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र मराठी वाचकाला कथारूपाने इतके परिचित झाले आहे की, त्यात अजून वाचावयाचे काही उरले असेल अशी शंकाही सहसा कोणाला येत नाही. कॅरोलाइन डॉल या अमेरिकन बाईंनी १८८८ साली त्यांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले, काशीबाई कानिटकरांनी मराठीत लिहिले, श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ साली आली आणि त्याच नावाचा चित्रपट २०१९ साली निघाला. या कथनपरंपरेविषयी आमची तक्रार एकच आहे. १८८३ साली कलकत्त्याहून निघालेले जहाज आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात मिळालेली पदवी, या दोन प्रसंगांमधील काळ वाचकांच्या मनात केवळ जिन्याच्या पायऱ्यांसारखा राहिला आहे. अठरा वर्षांची, नऊवारी नेसणारी, शाकाहारी मुलगी परक्या देशात एकटी जगली कशी, हा प्रश्न मागे पडतो. त्याचे उत्तर तिच्या पत्रांत आहे.

ही पत्रे वाचताना पुराव्याचा एक साधा नियम ध्यानी ठेवावा लागतो. साक्षीदार एकच असला, तरी कोणापुढे बोलतो आहे त्याप्रमाणे त्याच्या बोलण्याचा सूर पालटतो. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या मिसेस कार्पेंटर यांना आनंदीबाई इंग्रजीत लिहीत. पती गोपाळराव यांना मराठीत. पहिल्या पत्रांत मोकळेपणा व लाघव आहे. दुसऱ्यांत कर्तव्याची जाणीव, हिशेब, खुलासे आणि मधूनच दडपलेली व्यथा आहे. एकाच बाजूची पत्रे पाहून जो निकाल देईल, त्याचा निकाल अपिलात टिकणार नाही.

आनंदीबाईंचे एकटेपण अमेरिकेत सुरू झालेच नाही, ही या पत्रांतून व त्यांच्या श्रीरामपूर येथील भाषणातून कळणारी पहिली गोष्ट. गोपाळराव टपालखात्यात असल्याने अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर अशा बदल्या होत गेल्या. पुस्तके घेऊन रस्त्याने जाणारी, पतीबरोबर उघडपणे फिरणारी बाई म्हणून मुंबईत व कलकत्त्यात लोकांनी त्यांना टक लावून पाहिले, टोमणे मारले. फेब्रुवारी १८८३ मधील त्या भाषणात त्यांनी हे सारे सांगितले, बहिष्काराच्या धाकालाही उत्तर दिले, आणि आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ अशी ग्वाही दिली. स्वदेशात ज्या बाईला परकी मानले गेले, तिच्या मनाची परदेशाकरिता अर्धीअधिक तयारी आधीच झाली होती, असे म्हणणे कठोर वाटेल. परंतु ते खरे आहे.

उरलेली तयारी एका नात्याने केली. गोपाळरावांचा मिशनऱ्यांशी झालेला पत्रव्यवहार एका अमेरिकन नियतकालिकात छापला गेला होता. दंतवैद्याकडे खोळंबून बसल्या असता तो मिसेस कार्पेंटर यांच्या वाचनात आला आणि १८८० साली त्यांनी आपण होऊन पत्र धाडले. पुढची तीन वर्षे दोघींनी एकमेकींना न पाहता लिहिले. या बाईंना आनंदीबाईंनी ‘मावशी’ केले. हा शब्द चरित्रकार कौतुकाने नोंदवतात आणि पुढे जातात. आमच्या मते या पत्रव्यवहाराचा तोच कणा आहे. मराठीत मावशी ही आईच्या पाठीमागे उभी असणारी व्यक्ती. तिच्यापाशी हट्ट करता येतो, आजार सांगता येतो, रडताही येते. जून १८८३ मध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरली ती मुलगी परक्यांच्या दारी नव्हे, तर आपणच पत्रांतून उभ्या केलेल्या नात्याच्या दारी गेली.

तथापि नाते सर्वत्र पुरत नाही. फिलाडेल्फियातील खोलीची शेगडी पेटवली की धूर कोंडे, न पेटवली तर थंडीने अंग गारठे. शाकाहार सांभाळायचा, म्हणजे बर्फाच्या दिवसांत चवीपरीने खाण्याजोगे थोडेच. आमच्या धर्मनिष्ठ वाचकांना हा नेम प्रिय वाटेल आणि तो आदरणीय आहेही; नित्याच्या आचाराने एकट्या माणसाच्या दिवसाला आकार येतो. पण त्याची किंमत कोण देत होते, हेही पाहिले पाहिजे. आहारामुळे वा थंडीमुळे त्यांना क्षय जडला असे म्हणण्यास आधार नाही. त्या रोगाचा जंतू कॉख यांनी १८८२ सालीच दाखविला होता आणि त्यावर औषध निघण्यास पुढे साठ वर्षे लागली. एवढे मात्र म्हणता येईल की, दुबळ्या होत चाललेल्या देहाला उबेची व पोषणाची गरज होती, आणि घरून येत होत्या त्या मुख्यत्वे अपेक्षा.

सर्वांत बोचणारे एकटेपण या घरच्या पत्रांतूनच आलेले दिसते. ज्या गोपाळरावांनी पत्नीला शिकविले व समुद्रापार धाडले, त्यांच्याच शब्दांनी ती दुखावली जाई, हे तिच्या मराठी उत्तरांवरून कळते. पेहरावासारख्या बाबींचेही खुलासे तिला द्यावे लागले. त्या काळी टपाल पोहोचण्यास आठवडे लागत. म्हणजे रागाचा शब्द पोहोचे तेव्हा राग विझलेला असे, आणि तिकडे मात्र तो नव्याने पेटे. ‘आनंदी गोपाळ’ या कादंबरीचे बळ पतिपत्नींच्या या ओढाताणीत आहे, आणि श्री. ज. जोशी यांनी गोपाळरावांना देवही केले नाही की दैत्यही, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु नावातच दोघांना बांधल्यामुळे आनंदीबाईंचे एकटेपण तेथे मुख्यतः पतीच्या विरहाच्या व धाकाच्या मापाने मोजले जाते. मावशी ही तिसरी बाजू त्या मापात बसत नाही.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांची घराणी पिढ्यान् पिढ्या महाराष्ट्राबाहेर नांदली आहेत. बडोद्यास शेजारची गुजराती बाई ‘मासी’ झाली तेव्हाच तेथील आमचे बिऱ्हाड हे घर झाले. आज त्याच घरांतील मुले त्याहून दूरच्या देशांत जातात. त्यांना आपण सांगतो की आपल्याच माणसांत राहा, सणवार सोडू नका. आणि दर संभाषणात हिशेबही मागतो. आनंदीबाईंची पत्रे वडीलधाऱ्यांनी वाचावीत ती याकरिता.

२६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा वयाची बावीस वर्षेही पुरी नव्हती. त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी मिसेस कार्पेंटर यांच्याकडे पाठविल्या, आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे कार्पेंटर घराण्याच्या जागेत त्यांना विसावा मिळाला. ते नाते खरे होते, याची ही साक्ष खुद्द पतीने दिलेली आहे. वाचकाने आता इंग्रजी व मराठी ही दोन्ही पुडकी तारखेच्या क्रमाने शेजारी मांडून वाचावीत. एकाच आठवड्यात मावशीला काय लिहिले आणि घरी काय लिहिले, हे ताडून पाहावे. कोणत्याही चरित्रापेक्षा ते वाचन अधिक सांगेल.